वाहक थांबल्याशिवाय

१

आमच्या गोदामात एखादी वस्तू हरवली की लोक आधी मला हाक मारतात, देवाला नंतर. हे मी नाही म्हणत, वायरमन म्हणतो. आता इथलं सगळं काम बिनतारी, औषधाला तार सापडायची नाही, तरी ती यंत्रणा सांभाळणाऱ्याला सगळे वायरमनच म्हणतात. बिचाऱ्याने सुरुवातीला फार समजावलं की मी इंजिनियर आहे. मग दमला आणि गप्प बसला.

माझी केबिन वरच्या मजल्यावर. तीन बाजूंना काच, खाली छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक आणि त्यांच्या मधल्या गल्ल्या. गोदामातल्या प्रत्येक खोक्याला, हातगाडीला, फोर्कलिफ्टला आणि माणसाला एक टॅग असतो, बिस्किटाएवढा. तो सतत बारीक साद घालत असतो. छताला लावलेले अँटेना ती साद ऐकतात आणि माझ्या स्क्रीनवर त्या जागी ठिपका उमटतो. माल हिरवा, गाड्या निळ्या, माणसं नारिंगी. टॅगची बॅटरी संपली की ठिपका करडा होतो आणि शेवटची साद जिथून आली तिथेच बसून राहतो. कोणी जाऊन बॅटरी बदलेपर्यंत तो हलत नाही. हलेल कसा, मेलेलाच तो!

नारिंगी ठिपक्यांत एक माझा भाऊ. घरी त्याला बारक्या म्हणतात. आता दारातून जाताना त्याला वाकावं लागतं, तरी बारक्याच. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की तिचा चेहरा त्याला फक्त फोटोवरून ठाऊक. वाढवला मी. त्याला लांबच्या ट्रकवर जायचं होतं, आठवडा आठवडा बाहेर. मी म्हटलं, आधी माझ्या अंगावरून घाल तो ट्रक आणि मग जा. साहेबांच्या मागे लागून लागून त्याला इथे फोर्कलिफ्टवर चिकटवला. म्हणजे दिवसभर डोळ्यांसमोर. त्याचा ठिपका चहाच्या मशीनपाशी जरा रेंगाळला की मी वॉकीटॉकीवर ओरडते, "काय रे, चहात पोहतोयस का?" खालचे सगळे हसतात, तोही हसतो. जगात मला दुसरं आहे कोण?

या यंत्रणेला एक खोड आहे. दोन ठिपके बराच वेळ बरोबर फिरले की ती विचारते, "हे दोन एकत्र आहेत का?" म्हणजे खोका गाडीवर चढवलाय का. हो म्हटलं की ती दोघांना बांधून टाकते, एक वाहक आणि एक माल. मग मालाची साद ती ऐकतच नाही. वाहक जिथे तिथे माल, असं धरून चालते. नाही म्हटलं तर कारण विचारते, आणि कारण सांगितलं की त्याचंही कारण विचारते. एवढा वेळ कोणाला आहे? खाली ट्रक उभे असतात, ड्रायव्हर शंख करत असतात. त्यामुळे आमच्याकडे नाही कोणी म्हणतच नाही. प्रश्न आला की बोट आपसूक 'हो'वर पडतं.

त्या सकाळी चहा घेऊन बसले आणि मागच्या भिंतीजवळ एक करडा ठिपका दिसला. मी तो ओळखला. आदल्या दिवशी तो पुढच्या दरवाजाच्या बरोबर उंबऱ्यावर होता, म्हणून लक्षात राहिला होता.

"अगं बाई, तू इथे कशी आलीस?" मी मोठ्याने म्हटलं. एकटी असले की मी ठिपक्यांशी बोलते. तेवढ्यात फोन वाजला, मी मान वळवून तो उचलला, ठेवला. परत बघितलं तर ठिपका मधल्या गल्लीत होता.

२

वायरमनला बोलावलं. त्याने दोनदा ठिपका दाबून बघितला. कुठल्या वस्तूला लावलाय त्याची नोंदच नव्हती.

"ताई, लोखंड खोटं बोलतं," तो म्हणाला. "लहर रॅकवर आपटून परत फिरते. यंत्राला वाटतं तिकडून आली."

"पण मेलेला टॅग लहर सोडेलच कशाला?"

"अर्धमेला असेल."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. हातातलं शोधयंत्र घेऊन आम्ही खाली उतरलो. टॅग जवळ आला की ते टकटकतं, जितकं जवळ तितकं भरभर. मागच्या गल्लीत शिरलो तशी टकटक वाढली. ही गल्ली कमी वापरातली. खालचे खण मोकळे, वरचा एक दिवा उगाचच फुरफुरत होता, आणि भोवती एवढा माल असूनही आमच्याच बोलण्याचा आवाज आम्हाला परत ऐकू येत होता.

"इथेच आहे," वायरमन म्हणाला. आम्ही मोकळ्या फरशीवर उभे होतो. त्याने यंत्र खाली फरशीजवळ नेलं, टकटक मंदावली. छातीशी आणलं, वाढली. डोक्यावर हात उंच धरला तेव्हा टकटक राहिलीच नाही, एकसलग सूर लागला. आम्ही दोघांनी वर बघितलं. वर काही नव्हतं. हवा, आणि बरंच वर छत.

मग आम्ही जागचे हललो नसताना तो सूर तुटला. टकटक, मग टक, टक. कोणी शांतपणे चालत लांब जावं तशी.

गल्लीच्या तोंडाशी बारक्या फोर्कलिफ्ट मागे घेत होता. वायरमनने यंत्र तिकडे धरलं आणि सूर पुन्हा लागला.

"बघा, याच्या गाडीत पडलाय," मी म्हटलं आणि माझ्या जिवात जीव आला. आम्ही गाडी थांबवली, सीट उचलली, पायाखालची चटई झटकली. तिथे काही नाही.

"काय ताई, झडती?" बारक्या म्हणाला. "चोरायला इथे आहे काय, रिकामी खोकी?"

वायरमन हसला नाही. त्याने यंत्र बंद केलं, खिशात घातलं आणि सरळ चहाला गेला.

३

त्यानंतर तो करडा ठिपका मी कधी हलताना बघितला नाही. मी बघत असले की तो थांबलेला असायचा. मी शिंकले, पाणी प्यायले, कोणाशी दोन शब्द बोलले की जागा बदललेली. आणि दर वेळी बारक्याच्या नारिंगी ठिपक्याच्या थोडा जवळ. मी स्वतःला सांगायची, बये, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे गेलेत तुझे. वायरमन बॅटऱ्या बदलत फिरत होता. करडे ठिपके एकेक करून हिरवे झाले. हा एकच राहिला.

आठवडा सरत आला तेव्हा दुपारी बारक्या माझ्या केबिनमध्ये डबा घेऊन आला. एरवी तो खाली पोरांत जेवतो.

"गाडी जड चालतेय," तो म्हणाला.

"मग माल कमी घे."

"रिकामीच जड चालते. काट्यावर वजन दाखवते. मेकॅनिकने उघडून बघितली, म्हणाला गाडी ठणठणीत आहे, तूच वजन कमी कर."

मी हसले. तो हसला नाही. घास हातात तसाच धरून काचेतून खाली बघत राहिला.

"ताई, सीटवर बसलो ना, की मी सीटवर नसतो."

"म्हणजे?"

"मध्ये काहीतरी असतं. माझ्या आणि सीटच्या. कोणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मला भीती वाटली की मी आधी खेकसते, तो स्वभावच आहे माझा. "झोप नीट घेत जा. रात्र रात्र मोबाइल बघायचा आणि दिवसा हे असले चाळे. उद्या म्हणशील गाडी बोलते."

"बोलत नाही," तो म्हणाला. "पण मी उठायला लागलो की जरा वेळाने सोडते."

डबा अर्धा टाकून तो गेला. एवढा खादाड मुलगा, त्याने डबा टाकला हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी ठरवलं, उद्या याला रजा टाकायला लावायची आणि डॉक्टरकडे न्यायचं. उद्या.

४

त्याच दुपारी ट्रकांची झुंबड उडाली. एक ड्रायव्हर फोनवर माझा उद्धार करत होता, दुसरा दारात उभा राहून, आणि स्क्रीनवर प्रश्नांवर प्रश्न येत होते. एकत्र आहेत का? हो. एकत्र आहेत का? हो. एकत्र आहेत का? हो.

शेवटचा हो दाबला आणि काहीतरी खटकलं. निळ्याहिरव्यात नारिंगी चमकल्यासारखं झालं होतं. मी फोन बाजूला ठेवला आणि शेवटची जोडी उघडली.

माल: बारक्याचा नंबर.

वाहक: करडा.

ड्रायव्हर फोनमधून ओरडत होता, मला शब्द कळत नव्हते. जोडी तोडायचं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, "वाहक थांबल्याशिवाय माल उतरवता येणार नाही." नियम शहाणपणाचाच आहे, चालत्या गाडीवरून कोणी खोकी उतरवू नयेत म्हणून आम्हीच तो मागून घेतला होता. आणि तो करडा, जो इतके दिवस माझ्यासमोर कधी हलला नव्हता, तो आता उघड उघड चालत होता. संथ, एका लयीत, गल्लीमागून गल्ली. त्याच्या पोटात बारीकसा नारिंगी ठिपका.

मी वॉकीटॉकी ओढला. "बारक्या, गाडी सोड आणि आत्ताच्या आत्ता वर ये."

तो आला. चेहरा उतरलेला, खांदे वर चढलेले. "काखेत दुखतंय गं," म्हणाला.

त्याच्या छातीवरचा टॅग मी हिसकावला आणि त्याच्यामागून वर आलेल्या वायरमनच्या हातात कोंबला. "पार त्या टोकाला घेऊन जा." वायरमनने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा बारक्याकडे, आणि काही न विचारता निघाला. काचेतून तो लांब जाताना मला दिसत होता. स्क्रीनवर मात्र नारिंगी ठिपका त्याच्याबरोबर गेला नाही. तो माझ्या केबिनमध्ये होता.

मी डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. साहजिक आहे, म्हटलं. एकदा बांधल्यावर यंत्रणा मालाची साद ऐकतच नाही, वाहकाची जागा दाखवते. म्हणजे नारिंगी खोटा आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

मग माझ्या लक्षात आलं की नारिंगी खोटा असेल, तर इथे जो आहे तो वाहक आहे.

बारक्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि स्क्रीनकडे बघितलं. करडा थांबला होता. थांबला होता! मी बटणाकडे बोट नेलं, घाईत ते भलतीकडेच पडलं. पुन्हा नेलं. करडा सरकला.

शेजारची खुर्ची करकरली.

"कुठे निघालास? बस खाली," मी म्हटलं.

"मी कुठे उठलोय, ताई?" बारक्या म्हणाला. तोंड रडवेलं झालं होतं. तो दाराकडे चालला होता.

५

केबिनचा जिना लोखंडी आहे. बारक्या त्याच्या बुटांनी तो असा वाजवतो की फोनवर बोलता येत नाही, त्यावरून मी त्याला हजारदा बोललेय. तो खाली उतरला आणि जिना वाजला नाही.

मी त्याच्या मागे धावले. माझ्याच पावलांचा आवाज होत होता. खाली आले तोवर तो मधल्या गल्लीत शिरला होता. दोन्ही बाजूंना माल, भर दुपार, सगळे दिवे चालू. लोक आपापल्या कामात होते. एकाने त्याला हाक मारून काहीतरी चेष्टाही केली. माझा भाऊ पाठमोरा, गल्लीच्या टोकाकडे जात होता, ना भरभर ना सावकाश.

मला आधी वाटलं त्याचं चालणं बदललंय. मग कळलं की तो चालत नव्हता. खांदे कानांपर्यंत चढलेले, हात अंगापासून सुटलेले, लहान मुलाला काखेत धरून उचलतात तसे. पाय सरळ खाली लोंबत होते. बुटांची टोकं फरशीला लागत होती, तीही कधी कधी, आणि धुळीत दोन तुटक रेघा उमटत होत्या.

मी किंचाळले का नाही ते मला सांगता येणार नाही. मी धावत जाऊन त्याचा हात पकडला आणि सगळा जीव लावून ओढला. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल. पण तो सहज माझ्याकडे वळला. काही वजनच नव्हतं त्याला.

"ताई, घरी चल," तो म्हणाला.

"चल रे बाळा, चल," मी म्हटलं. किती वर्षांनी त्याला बाळा म्हटलं असेन.

६

बाहेर पडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाहेर अँटेना नाहीत. बाहेर कोणाचा ठिपका नाही, कोण माल आणि कोण वाहक हे कोणी विचारत नाही. एकदा रस्त्याला लागलो की तो नुसता माझा भाऊ. मी त्याला ओढत मालाच्या फाटकापर्यंत आणला. फाटक उघडंच होतं, पलीकडे रस्ता, ऊन, एक सायकलवाला शीळ घालत चाललेला. साधं, रोजचं जग.

आम्ही फाटकाच्या खांबांमधून गेलो आणि बारक्याच्या अंगावर टॅग नसतानाही भोंगा सुरू झाला.

"अहो ताई, थांबा थांबा!" वॉचमन त्याच्या खोलीतून बाहेर आला. त्याने समोरच्या छोट्या पडद्याकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "तुमच्या भावाला बघून वाजतोय हा. माल वाहकाशिवाय बाहेर चाललाय, असं म्हणतोय. गाडी आत सोडून कोणी नुसती खोकी पळवली की असा बोंबलतो. बिघडला वाटतं."

वाहकाशिवाय! माझ्या कानात तेवढा एकच शब्द शिरला. म्हणजे तो आत राहिला. हा बाहेर आलाय आणि तो आत राहिलाय. मी तिथेच मोठ्याने हसले, डोळ्यांतून पाणी आलं. "वाजू द्या!" मी ओरडले. "वाजू द्या मेल्याला, दिवसभर वाजू द्या!" तो कर्कश भोंगा मला देवळातल्या घंटेसारखा वाटला. बारक्याही हसला. त्याचे बूट पूर्ण जमिनीवर टेकलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले. मी त्याचा हात धरून रस्त्याला लागले.

कोपऱ्यापर्यंतही पोचलो नव्हतो तेवढ्यात भोंगा थांबला.

मी वळून बघितलं. वॉचमनने काही केलं नव्हतं. तो हात कमरेवर ठेवून उभा होता, आमच्यासारखाच वर दिव्याकडे बघत. फाटकावरचा दिवा हिरवा झाला होता.

"आला बघा ताळ्यावर," तो लांबून ओरडला. "जा आता, सगळं बरोबर दाखवतोय."

माझ्या हातातला बारक्याचा हात हळूच वर गेला.

"ताई," तो म्हणाला. आवाज माझ्या डोक्याच्या जरा वरून आला. "ताई, सोड मला. तुला लागेल."

"गप्प बस," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. मी दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि त्याच्याबरोबर पळायला लागले. दुकानं मागे गेली, झाडं मागे गेली, चढ आला तोही गेला. एरवी त्या चढावर मला तीनदा थांबावं लागतं. तो सारखा तेच म्हणत होता, सोड ना गं, आणि मी त्याला शिव्या देत होते, लाडाच्या, रागाच्या, तोंडाला येतील त्या. वर मान करून मी बघितलं नाही. त्याच्या पाठीमागे कोण आहे ते मला बघायचं नव्हतं. मला फक्त त्याचा हात हवा होता.

चढ संपला तेव्हा कळलं की मला दम लागलेला नाही. मी पळत नव्हते, माझे पायही जमिनीला लागत नव्हते. मी आणखी घट्ट धरलं.